रान राग उतरवतं म्हणे

१८ जानेवारी
आदिलाबादला डॉक्टरकडे. बीपी पुन्हा वर. म्हणाले, "मॅडम, गोळी वाढवतो, पण राग कमी करा. रोज झाडांत फिरत जा."
झाडांत. कोणाच्या?
परतताना आमच्या तामसीच्या बसमध्ये जागा नव्हती, उभी राहून आले. घरी पोचते तर ओट्यावर विलासभाऊजी. ह्यांचा सख्खा धाकटा भाऊ. ह्यांच्या वर्षश्राद्धानंतर आजच आला. (तोंडावर अहोजाहो करते, वहीत 'तो'च लिहिणार.)
"वहिनी, आपल्या सागाच्या रानात शिबिर घेऊन राह्यलो. हैदराबादचे पाव्हणे येतीन, झाडात फिरतीन, हवा घेतीन. बरं वाटते म्हने त्यानं. तुमी सायन्सच्या टीचर होत्या. झाडातून कायकाय निघते ते त्यायले हिंदीत समजून सांगा ना."
झाडं! आणि हा सांगतोय.
चहा दिला नाही. पण येते म्हटलं. चार परक्या लोकांसमोर यानं काय केलं ते नाव घेऊन सांगायची संधी आपल्या पायांनी चालत आली, ती का सोडू?

१९ जाने.
लिहूनच ठेवते, म्हणजे धार जाणार नाही.
घरामागे दोघा भावांच्या शेतांमधला बांध. त्यावर कडुनिंबांची रांग, ह्यांनी लावलेली. भैंसा गावच्या जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाऊन छाती गेली, तेव्हा नोकरी सोडून घरी आले आणि दिवसभर त्या निंबांखाली खाट टाकून पडायचे. तिथे दम कमी लागायचा. आम्ही आदिलाबादच्या दवाखान्यात होतो, तेवढ्यात यानं सगळे निंब तोडले. काऊन? तर सावलीनं कपाशी खुजी राहते. इकडे बांधावरच्या झाडाला सगळेच शिव्या घालतात, मान्य. पण सख्खा भाऊ ऑक्सिजनवर असताना कुऱ्हाड कोण काढतं?
हे घरी आले. मागचं दार उघडलं. "ऊन लय आलं घरात," एवढंच म्हणाले. पुढचा पावसाळा काही त्यांनी पाहिला नाही.
भाऊजीची कपाशी त्या साली छान आली होती.

२ फेब्रु.
तयारी. फोनवर बरंच वाचलं. झाडं काही द्रव्यं हवेत सोडतात, ती खरं तर किडीला, बुरशीला दूर ठेवायला. माणसाच्या श्वासात गेली की ताण उतरतो, झोप सुधारते, असं सांगतात. अभ्यास बहुतेक पाइनसारख्या झाडांचा. सागाबद्दल कोणी धड बोलत नाही. हे मी पाहुण्यांना सांगणारच, त्याला आवडो न आवडो.
मजा वाटली. झाड सोडतं वैऱ्यावर, आणि बरं वाटतं भलत्यालाच.

९ फेब्रु.
वाट बघून घ्यायला सागात गेले. पुढे तो, मागे मी. पाचोळा इतका वाजतो की बोलता येत नाही, तेच बरं. पाठमोरा अगदी ह्यांच्यासारखा चालतो, एक खांदा उतरता. नको ते दिसतं नको तिथे.
घरी येऊन दुपारी मेल्यासारखी झोपले. किती दिवसांनी.

२० फेब्रु.
रोज सकाळी जाते आहे. एकटीच. बीपी उतरलं. डॉक्टर खूश.
मी नाही. काल मेथी निवडताना लक्षात आलं, सकाळपासून निंबांची आठवणच झाली नव्हती. घाबरले. एवढा राग मी वर्षभर लोणच्यासारखा जपला, वारा लागू दिला नाही, आणि हे रान तो गुपचूप काढून घेतंय. रानही भाऊजीचंच!
उद्यापासून जाणं बंद.

२४ फेब्रु.
गेले. पाय वळतातच तिकडे.

१० मार्च
शिबिर ठरलं, मार्चअखेर. त्याच्या हैदराबादच्या भागीदारानं जाहिरातीत पावसाळ्यातले फोटो टाकलेत, हिरवेगार. मार्चअखेर साग म्हणजे नुसते खांब. भाऊजीनं जन्मभर सागाच्या बुंध्याचा घेर पाहिला, मान वर करून पानं काही पाहिली नाहीत.
बोलले नाही. उलट "चांगली तारीख आहे" म्हटलं.

२९ मार्च
झालं.
सकाळीच ऊन तापलेलं. सागावर पान नाही. पाहुणे टोप्या घालून एकमेकांकडे बघताहेत. एक म्हाताऱ्या बाई, चालताना धापा टाकणाऱ्या, त्यांनी विचारलं, "टीचरम्मा, छाँव किधर है?"
भाऊजीचं तोंड पार उतरलेलं. माझ्याकडे बघत होता.
म्हटलं, "चलिए, दिखाती हूँ." सगळ्यांना बांधावर आणलं, त्या खुंटांपाशी. सांगितलं, इथे निंब होते. सागाची पानं झडतात तेव्हा निंबाला नवी पालवी येते, फुलोरा येतो, वास पार घरात. माझे यजमान इथे पडून श्वास घ्यायचे. ते दवाखान्यात असताना कोणीतरी तोडले.
कोणीतरी! नाव जिभेवर होतं. वर्षभर तेवढंच पाठ केलं होतं. तो समोर उभा, आणि माझ्या तोंडून निघेना. या रानानंच मला मऊ केलं.
बाई रडल्या. बाकीचे खुंटांभोवती डोळे मिटून बसले. फोटो काढले.

३० मार्च
पेढे घेऊन आला.
"वहिनी, बांधावरचं लय भारी झालं. समदे तेच बोलून राह्यले. पुढच्या बारीलेबी तेच सांगा. मी तिथं बाकडे टाकतो, वरून सावलीले कापड बांधतो."
सावलीला कापड. ह्यांच्या खाटेच्या जागी.
राग आला, पहिल्यासारखा, कानशिलं ठणकेपर्यंत. हायसं वाटलं, खोटं कशाला लिहू. म्हटलं, "येईन मी. पण निंब कोनं तोडले ते तुमी सांगा. तिथंच, समद्यायपुढं."
"धंद्याची वाट लागन ना, वहिनी."
"लागू द्या."
पेढे तसेच घेऊन गेला.

६ एप्रिल
आज रिकाम्या हातानं आला. "सांगतो मी. दादा गेल्यापासून मले कोनी इचारलंच नाही, वहिनी. तुमीबी नाही. एखांद्या वेळी शिव्या देल्या असत्या तं..." पाणी प्यायला, गेला.
मला आनंद व्हायला हवा होता.
रविवारी पुढचं शिबिर आहे. त्याला मान खाली घालून उभं पाहावं म्हणूनच तर हे सगळं... आणि तो खरंच बोलला, आणि माझा राग तिथेच उतरला, तर ह्यांचं माझ्याकडे काय उरेल?
जायचं की नाही, ठरत नाही. साडी इस्त्रीला टाकली आहे, तेवढंच.