राखाडी रंगाखालची थरथर

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा डावा डोळा आणि रिमोटवरून तुम्हा दोघांचं चाललेलं भांडण, तिन्ही आता आटोक्यात असतील अशी आशा करते. इकडे सगळे बरे आहेत. बाबा पेपर वाचतात आणि त्यात काय आलंय ते आई त्यांना सांगते.

मागे फोनवर तुम्ही विचारलं होतंत, की कागदाच्या कारखान्यात मी नेमकं करते तरी काय. तेव्हा मी "यंत्रांची देखरेख" असं मोघम सांगून सुटले होते. आता नीट सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. यंत्र फिरतं तेव्हा थरथरतं. धडधाकट यंत्र आपल्या ठरलेल्या रीतीने थरथरतं आणि आतलं बेअरिंग झिजू लागलं की ती रीत बदलते. यंत्र मोडायच्या आधी हा बदल पकडायचा, हे माझं काम. हातात एक मोजयंत्र असतं, त्याच्या वायरीला सेन्सर आणि सेन्सरच्या बुडाला लोहचुंबक. तो यंत्राला चिकटवायचा, आकडा घ्यायचा आणि पुढच्या यंत्राकडे जायचं. (कारखान्यात मला थरथरबाई म्हणतात. पाठीमागे. समोर मॅडम.) पण मामा, दर वेळी जागा तीच हवी, दिशा तीच हवी, यंत्रावरचा भारही तेवढाच हवा. नाहीतर या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही. वजनकाट्यावर माणूस एकदा बूट घालून आणि एकदा भिंतीला टेकून उभा राहिला तर जे होईल, तेच. म्हणून मी प्रत्येक यंत्रावर नाण्याएवढी जागा घासूनपुसून आरशासारखी केली होती.

अशात मुख्य कचेरीतले साहेब पाहणीला येणार असं ठरलं आणि आमच्या मॅनेजरने अख्खा कारखाना रंगवायला काढला. (छत गळतं ते तसंच ठेवून.) त्यासाठी एक रंगारी आला. उंच, चष्म्याच्या काचांवर रंगाचे ठिपके, आणि कशालाही घाई न करणारा. त्याला सगळे "दुसरा हात" म्हणू लागले, कारण कुठलीही वस्तू त्याला पहिल्या हातात पुरेशी रंगलेली वाटायची नाही. नेमकी त्याच सुमारास आईची दाढ काढायची होती, म्हणून मी रजेवर. परत येऊन पाहते तो सगळा कारखाना राखाडी. माझ्या आरशासारख्या जागासुद्धा. दोन दोन हात.

आता इथे माझं चुकलं हे कबूल. जागा कुठे होत्या ते मला पाठ होतं आणि चुंबक रंगावरूनही चिकटतो, तेव्हा मी तसेच आकडे घेतले. पाण्याच्या पंपाचा आकडा असा काही चढला, की मी धावत जाऊन तो बंद करायला लावला. फिटरने खोलला, तर आतलं बेअरिंग नव्यासारखं. झालं होतं एवढंच, की त्या जागेवर रंगाचा ओघळ सुकून गाठ बसली होती आणि त्या गाठीवर माझा सेन्सर पाय मोडलेल्या स्टुलासारखा डुगडुगत होता. मॅनेजरने आवाज न चढवता मला बरंच काही ऐकवलं. त्यातलं तुम्हाला लिहिण्यासारखं काही नाही.

बाकीच्या यंत्रांवर मात्र तो खूश होता, कारण त्यांचे आकडे उतरले होते. सगळ्यांचे. जी यंत्रं भंगारात जायच्या लायकीची आहेत, त्यांचेसुद्धा. तो म्हणाला, देखभाल सुधारल्याचा हा परिणाम आहे, आणि साहेबांना दाखवायला त्याचा आलेख काढून घेतला. मला मात्र ते पटेना. इतकी यंत्रं एकाच वेळी नुसती रंगवून बरी होत नाहीत. जिथे रंग सपाट आणि जाड होता, तिथे तो बारीक थरथर गादीसारखी गिळत होता, आणि बेअरिंगचा बिघाड आधी दिसतो तो त्या बारीक थरथरीतच.

मला धास्ती होती ती बॉयलरला हवा पुरवणाऱ्या पंख्याची. त्याचा आकडा मागचे काही महिने हळूहळू चढत होता आणि आता एकदम शहाण्यासारखा खाली आला होता. बॉयलरवाले त्या पंख्याला लागूनच टेबल टाकून डबा खातात, कारण तो कोपरा उबदार आहे. मी पॉलिशपेपर घेऊन तिथे गेले, तर रंगारी आडवा आला. पाहणी दुसऱ्याच दिवशी होती आणि त्याच्या मते त्या पंख्यासारखं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. माझं सगळं म्हणणं त्याने ऐकून घेतलं. मग टेबलावरच्या डब्यांकडे बघत राहिला.

"द्या इकडे तो कागद," तो म्हणाला. "तुम्ही घासलंत तर ओरखडे उठतील."

जागा उघडी झाल्यावर मी मॅनेजरला हाताला धरून आणलं म्हटलं तरी चालेल. त्याच्यासमोर आधी रंगावर सेन्सर लावला, मग शेजारीच उघड्या लोखंडावर. दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट. तो म्हणाला, पंपाच्या वेळीही तुम्ही अशाच खात्रीने बोलला होतात.

"यातला एक आकडा पंख्याचा आहे आणि एक रंगाचा," मी म्हटलं. "उद्या साहेबांना कोणता दाखवू?"

त्याने सेन्सर स्वतः उचलून परत लावून पाहिला. दोनदा. मग बॉयलर थंड करायला सांगून पंखा बंद करायला लावला. खोलला तेव्हा बेअरिंगच्या गोळ्या जागेवर धरणाऱ्या पिंजऱ्याचे तुकडे झाले होते आणि पंख्याचा दांडा तापून निळा पडला होता. फिटरने ते तुकडे डब्यांच्या टेबलावर मांडले. जेवायचं टेबल तेवढं त्याच दिवशी हललं. हा पंख्याचा भाग आईला सांगू नका.

साहेब आले तेव्हा पंखा उघडाच होता, चिंध्या आणि तेल यांच्या पसाऱ्यात. सर्वात जास्त वेळ ते तिथेच उभे राहिले. रंगाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता प्रत्येक जागेवर लोखंडी चकती पक्की बसवली आहे आणि रंगाऱ्याने तिच्याभोवती लाल वर्तुळ आणि दिशेचा बाण काढून दिला आहे. त्यातही प्रत्येक बाणापायी वाद. महाहट्टी माणूस. तांबडा आणि लाल यांतला फरक मला अर्धा दिवस समजावत होता.

बाकी सर्व ठीक. मामींना माझा नमस्कार आणि जिना चढताना कठडा धरत जा.

तुमची लाडकी,
भाची

ता. क. १ : खरं तर पत्र लिहायचं कारण राहूनच गेलं. आई फक्त तुमचंच ऐकते. माझ्या लग्नाचा विषय तिने सोडून दिला त्याला बरीच वर्षं झाली. तो तुम्ही तिच्यापाशी परत काढाल का? मुलगा (म्हणजे पन्नाशीचा आहे) रंगकाम करतो. विधुर आहे, मुलगी सासरी सुखात आहे. हट्टीपणाबद्दल वर जे लिहिलं आहे ते आईला वाचून दाखवू नका.

ता. क. २ : घाईने करा, पण सांभाळून. रंगाऱ्यांना अजून यातलं काहीच माहीत नाही. आईचा होकार आला की त्यांना विचारीन म्हणते.