राबाची परवानगी

११ एप्रिल

सकाळी सोलर कंपनीचा सुहास आला. चहा नको म्हणाला — म्हणजे बातमी वाईट.

कंपनीला भाड्याने दिलेल्या माझ्या माळाच्या खालच्या कडेला, कुंपणाबाहेर, एक पट्टी उरली आहे. तिथे शेजारची धोंडाबाई दरवर्षी राब भाजते. यंदा भाजायचा नाही! पलीकडच्या केरबाने गेल्या आठवड्यात त्याच्या वावरात राब पेटवला, राख उडून पॅनेलवर बसली, वीज घटली. ही वीज बेगडेवाडीपलीकडच्या डेटा सेंटरला जाते, तिथून ओरड.

"मॅडम, करारात आहे. तुमच्या गटात आग नको."

आहे खरं. वाचूनच सही केली होती. आग म्हणजे चूल आणि बिडी, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

धोंडाबाईची भातखाचरं खाली रस्त्याकडेला. पण रोप वरच करायचं — शेण, झाडांचे टाळे, पाला पसरून जमीन भाजायची, त्यात भात पेरायचं, वीतभर झालं की खाली लावायचं. ती पट्टी अब्बांनी तिच्या सासऱ्यांना तोंडी दिली होती. कागद नाही. लागलाही नाही कधी.

१२ एप्रिल

धोंडाबाईला सांगितलं. गोठ्यात शेण भरत होती. हात थांबला नाही.

"राब न्हाई तर रोप न्हाई. मग खाचरात काय लावायचं — तुजी काच?"

मी बघते, म्हटलं.

"बघ बाई. तुला कोन अडवनार!"

१३ एप्रिल

सुहासचा तोडगा: ट्रेमध्ये वाढवलेलं तयार रोप कंपनी फुकट देईल. नमुन्याला एक ट्रे घेऊन आला होता. धोंडाबाईने त्यातलं रोप कडेने उचलून पाहिलं. "आगं, ही तर चटईच की! बघू लावून."

काही बघायचं नाही, मी म्हटलं. यंदा फुकट, पुढच्या वर्षी कोण देणार?

धोंडाबाई मग सुहासकडे वळली. "तुमाला अजून जागा लागती का रं? का भरलं पोट?"

काय टोमणा मारते! मी मोठ्याने हसले. सुहास हसला नाही. "लागते की मावशी," म्हणाला.

१७ एप्रिल

डेटा सेंटरच्या साहेबांना फोन. मीटिंगमध्ये आहेत. काल होते, आजही आहेत. लोणावळा टेलिफोन एक्स्चेंजला ऑपरेटर होते तेव्हा असले साहेब मी दोन मिनिटांत लाइनवर आणत असे.

१९ एप्रिल

इरफानचा पुण्याहून फोन. "अम्मी, तू कशाला मध्ये पडतेस? धोंडामावशी काही म्हणाल्या का?"

म्हणायची वाट बघत बसायचं का? फोन ठेवला.

२१ एप्रिल

फोन बंद, पाय चालू. कान्ह्याहून लोकलने बेगडेवाडी, पुढे रिक्षा.

बिनखिडक्यांची इमारत. आत गारठा, एकसुरी घरघर. आमच्या स्विच रूमसारखंच, फक्त तिथे कोणीतरी डबा उघडून बसलेलं असायचं. भिंतीवर हा एवढा फोटो: माझा माळ! खाली लिहिलंय, "इथल्याच उन्हाची वीज". फोटोत माणूस एकही नाही.

साहेब नाहीतच. प्रेरणा म्हणून एक मुलगी भेटली, वीजखरेदी तिच्याकडे. बोलायला नीट.

"मॅडम, आमचे सर्व्हर एक क्षणही थांबत नाहीत."

"मग सूर्य मावळल्यावर?"

"ग्रिडवरून घेतो. दिवसा जास्तीची होते ती तिकडे देतो. वर्षाचा हिशेब जुळवतो."

"म्हणजे रात्री कोळशाची जळते आणि कागदावर उन्हाची लागते."

"तसं म्हणता येईल," म्हणाली. खोटं बोलली नाही, हे तिच्या बाजूने.

"रोजची रात्र वर्षात जुळवता ना? मग राबाची एक सकाळही त्यातच जुळवा."

ती उठली. मग आत गेली. बऱ्याच वेळाने परत आली ती छापील कागद घेऊनच. परवानगी, सोलर कंपनीचाही होकार घेऊन! अटी: पहाटे पेटवायचा, वारा डोंगराकडून खाली वाहत असताना. राख गेलीच वर, तर पॅनेलची खालची रांग आम्ही धुवायची. दोन्ही अटी मीच सुचवल्या होत्या.

संध्याकाळी धोंडाबाईला कागद वाचून दाखवला. ऐकून घेतलं. "लय पळालीस गं," म्हणाली.

२ मे

राब भाजला. पहाटे गार वारा खाली सरकत होता, धूर ओढ्याकडे गेला. धोंडाबाईने वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवला, म्हणजे आग दमाने सरकते. तिचा कैलास तिथेच सोलरवर रखवालदार. तो एकदा आईकडे, एकदा पॅनेलकडे बघत उभा. कोणाच्या बाजूचा, त्यालाच माहीत.

आग अर्ध्यावर आली तशी धोंडाबाई बांधावर बसली. उठवेना. "एक वरीस न्हाई केलं आसतं, तर काय बिघडलं आसतं?" म्हणाली.

धुराने डोकं धरलं असणार. पाणी दिलं.

३ मे

थोडी राख वर गेलीच. मी आणि कैलासने रांग धुतली. माझी कंबर धरली. सुहास मोबाइलवर फोटो काढत होता. त्याला बादली दिली.

२२ जून

रोप वर आलं. दाट, काळंभोर हिरवं. आसपास असं कुणाचं नाही. केरबा मुद्दाम येऊन बघून गेला. "बाई, कंपनी वाकवली तुमी!"

बरं वाटलं. नोंद म्हणून लिहिते.

३ जुलै

रोप लावणीला आलं. धोंडाबाईच्याने यंदा वाकवत नाही, म्हणून भाजे गावच्या रतनबाईला सांगून ठेवलं, सोमवारी बाया घेऊन ये. धोंडाबाईला उद्या सांगते.

४ जुलै

सुहास आला. साक्षीदाराची सही हवी. धोंडाबाईची सगळी खाचरं कंपनी भाड्याने घेते आहे, बॅटऱ्यांची शेड उभारायला. रात्रीची वीज साठवायला! मला माहीत असेल असं त्याला वाटलं होतं. "मावशी तर एप्रिलपासून मागे लागल्यात."

तशीच उठून धोंडाबाईकडे गेले. का बोलली नाहीस?

"तू इचारलंस कवा? गुडगं दोन वर्सं झाली गेल्यात माजं. पर तू तालेवार मान्सांशी भांडून कागद आनलास. तुज्या तोंडावर कसं म्हनू, मला न्हाई करायची शेती?"

मी सही केली.

मग त्या रोपाचं काय करायचं, मी विचारलं.

"आता ते बी तूच सांग," म्हणाली.