दाजींचा सायलेन्सर सध्या कुणाकडे आहे

ती. स्व. फुमिएताईस,

धाकट्या कानामेचा कमरेतून जमेल तेवढा वाकून नमस्कार. (डॉक्टरांनी फार वाकायला मनाई केली आहे, राहिलेला नमस्कार भेटीत पुरा करीन.) इकडे डोंगर माथ्याकडून लाल होत खाली उतरतो आहे. परसातल्या केशरी काकी-फळांच्या झाडाला यंदा इतकी फळं लागली आहेत की माकडंसुद्धा निवडून खातात. सोलून, दोरीला बांधून वाळवलेली थोडी पाठवतो आहे. वर पांढरं दिसेल ती बुरशी नव्हे, साखर. गेल्या वर्षी तुझ्या चिहारूच्या नवऱ्याने ती घासून धुतली होती म्हणून मुद्दाम लिहितो. जावयाला तुझं लोणचं अजून खारट लागतं का? लागत असेल तर लागू दे, त्याच्यासाठी मीठ कमी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? लेकीकडे सेन्दाईच्या थंडीने ते कुरकुरत असले तर तू त्यांनाही सरळ केलं असशीलच.

आता तुझ्या आज्ञेविषयी. तू लिहिलंस की दाजींना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा त्यांची ती पांढरी गाडी पासिंग करून महिनाअखेर मेलबर्नच्या गृहस्थाच्या हवाली कर. 'जिने माझे सगळे रविवार खाल्ले ती मला या देशात नको,' हे तुझं वाक्य वाचून मी पत्र घडी करून चहाच्या डब्याखाली ठेवलं आणि थोडा वेळ दुकानात कपडे नसताना इस्त्री फिरवली. तू टीव्हीवर घाटातल्या चोरट्या शर्यतींचा कार्यक्रम पाहिलास, त्यात तोंडं पुसट केलेली रंगीत केसांची पोरं पाहिलीस, आणि मासुओदाजींचं सगळं आयुष्य तुला एकदम समजलं. टीव्हीचा हा मोठाच गुण आहे. आपण ज्याच्याबरोबर जन्मभर जेवलो त्या माणसाची माहिती तो जाहिरातींच्या मधल्या वेळात देतो. तरी तुझी आज्ञा ती आज्ञा. ताईने सांगितलं आणि कानामेने केलं नाही, असं आपल्या घरात झालेलं नाही. (बदकाचा प्रसंग सोडून.)

तर गाडी बाहेर काढायची ठरवली. तुला ठाऊकच आहे, माझा हात लाँड्रीच्या व्हॅनवर बसलेला. तिला पुढे आणि मागे एवढंच कळतं, आणि मलाही. दाजींच्या गाडीत क्लच आहे, आणि तो क्लच नसून दाजींचा स्वभाव आहे: बराच वेळ काहीच बोलत नाही आणि मग एकदम बोलतो. चावी फिरवली तशी शेजारच्या आजोबांनी खिडकीतून डोकं काढलं आणि भूकंप समजून पुन्हा आत घेतलं. गॅरेजपासून कोपऱ्यापर्यंत गाडी इतक्यांदा बंद पडली की गल्लीत कुणाला वाटावं, मी प्रत्येक दारापुढे थांबून नमस्कार करतो आहे. शेवटी तेच करावं लागलं. मिठाईचे पुडे घेऊन घरोघर गेलो, 'आवाजाचा त्रास झाला, पुढेही होईल' म्हणून वाकून आलो. तेव्हा एका म्हातारीने सांगितलं, मासुओसान दर वर्षी असेच पुडे आणायचे, पण गल्लीतून जाताना गाडी सुरू करायचे नाहीत. उतारापर्यंत हाताने ढकलत न्यायचे. तुला हे ठाऊक होतं का? तू झोपलेली असायचीस. झोपलेलीच राहावीस म्हणून ढकलायचे.

पासिंगच्या कचेरीत पांढरे हातमोजे घातलेला एक फार सभ्य माणूस होता. त्याने गाडीच्या मागे माइक धरला, मला गाडी जागच्या जागी रेस करायला सांगितली, आणि स्वतःच दोन पावलं मागे गेला. मग गाडीखाली पट्टी सरकवली, ती गेली. सीट पाहिल्या, पट्टे पाहिले, दिवे पाहिले, सगळ्यावर खुणा केल्या. शेवटी वाकून म्हणाला, "गाडी फार प्रेमाने ठेवलेली आहे. कृपया मूळचा सायलेन्सर लावून आणा, म्हणजे मला ती नाकारावी लागणार नाही." इतक्या गोड शब्दांत मला आजवर कुणी हाकललं नव्हतं. (माझ्या लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा.)

मूळचा सायलेन्सर शोधण्यात आठवडा गेला. तुमच्या गाद्यांच्या कपाटात पाहिला, माळ्यावर पाहिला, पायऱ्यांखाली पाहिला. चिहारूची बाहुल्यांची पेटी तेवढी सापडली. शेवटी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला विचारलं. तो माझ्याकडे, मी दवाखान्यात जाऊन डॉक्टर कोण असं विचारल्यासारखा बघायला लागला. म्हणाला, "मासुओसानचा सायलेन्सर ना? तो घरी कसा असेल? रविवारी सकाळी कोगारासु घाटात वर जा. सध्या कुणाकडे आहे ते तिथे कळेल." सध्या कुणाकडे आहे! जणू काही तो सायलेन्सर नसून ग्रामदेवतेची पालखी.

म्हणून गेलो, ताई. केवळ तुझ्या कामासाठी गेलो, हे लक्षात असू दे.

तुझ्या टीव्हीने दाखवलेलं सगळं मनात होतं. वर माथ्यावरच्या थांब्याला रस्त्यावर पट्टे ओढून पैजा लावणारे गुंड असतील, तोकड्या कपड्यांतल्या पोरी निशाण हलवत असतील, आणि मी लाँड्रीवाला इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या मध्ये पोहोचणार. पण प्रत्यक्षात तिथे काय पाहिलं? थांब्यावर सात-आठ गाड्या होत्या, सगळ्यांची बॉनेटं वर, आणि प्रत्येक बॉनेटात एकेक टक्कल वाकलेलं. जवळ गेल्यावर कळलं की चर्चा इंजिनाची चाललेली नाही, रक्तदाबाच्या गोळ्यांची चाललेली आहे. रंगवलेले केस होते, ते खोटं नाही. पण ते पांढरे लपवायला काळे केलेले. पैजही असते. हरणाऱ्याने यंत्रातून सगळ्यांना डब्यातली गरम कॉफी काढून द्यायची, आणि गोड कॉफी निम्म्यांना वर्ज्य असल्यामुळे जिंकणाऱ्याचंच नुकसान होतं. शर्यत म्हणशील तर दोघं खाली जातात, दोघं वर येतात, आणि कोण पुढे होतं यावर दोघेही एकमेकांना आग्रह करतात की तुम्हीच होता. नगरपालिकेने वळणावळणावर उंचवटे घातल्यापासून तर सगळे इतके जपून जातात की मागून आलेली देवळाची बस भोंगा वाजवते. गस्तीचा पोलीसही येतो. सगळे रांगेत वाकतात, तो एखाद्याला मागचा दिवा गेल्याबद्दल रागावतो आणि त्याच्याकडून कांद्याची जुडी घेऊन जातो.

आणि बाईविषयीचा तुझा संशय. बाई आहे, ताई. लपवून काय उपयोग? नाव निशिवाकी, वय तुझ्याएवढं, धंदा दात काढण्याचा. त्या टोळीत सर्वांत वेगात तीच चालवते आणि सर्वांना तीच रागावते. दाजींची अक्कलदाढ तिनेच काढली होती, एवढाच काय तो संबंध.

पण मी पोहोचलो तो क्षण सांगायचा राहिला. मी अजून दोन वळणं खाली होतो तेव्हाच त्यांना आवाज ऐकू गेला असावा. थांब्यात शिरलो तर सगळी टकली बॉनेटातून बाहेर आलेली, टोप्या हातात, रस्त्याकडे तोंड करून उभी. गाडी थांबली, म्हणजे नेहमीसारखी बंद पडली, आणि काचेतून मी दिसलो. त्यांचे चेहरे मला अजून दिसतात. मग एकजण, ओनुकी नावाचे निवृत्त मुख्याध्यापक, घसा साफ करून म्हणाले, "असा क्लच सोडलात तेव्हाच समजलं, मासुओसान नाहीत. तुमचा पाय गाडीत आहे की दुकानातच विसरलात?" सगळे हसले, आणि हसता हसता दोघांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं. मला तेव्हा ओळख पटली. दाजींच्या अंत्यविधीला काळे सूट घालून, सगळ्यांच्या मागे उभे राहून, वेळेच्या आधी निघून गेलेले ते लोक हेच. तू त्यांना विमा कंपनीची माणसं समजलीस. तुझ्या दारात आवाज नको म्हणून आपापल्या गाड्या घरी ठेवून एका भाड्याच्या व्हॅनमध्ये दाटीवाटीने आले होते.

आता सायलेन्सरचं ऐक. या लोकांनी तरुणपणी मूळचे सायलेन्सर काढून भंगारात दिले. तेव्हा म्हातारपण आणि पासिंग दोन्ही आपल्याला येणार नाही असं वाटत होतं. एका दाजींनीच आपला जपून ठेवला. एकाच प्रकारच्या पाच गाड्या, आणि कायद्याला मान्य असा सायलेन्सर एक. तेव्हा ज्याचं पासिंग त्याच्या घरी तो जातो. कापडात बांधून नेतात, लावतात, पास होतात, काढतात, तेल पुसतात, आणि वर गोड वड्यांचा पुडा ठेवून पुढच्याकडे पोचवतात. कितीतरी वर्षं हे चाललं आहे. टोळी म्हणतात ती एवढीच: एका नळीने बांधलेली पाच म्हातारी घरं. त्या दिवशी ती ओनुकींकडे होती. त्यांचं पासिंग गुरुवारी होतं. मी तुझा निरोप सांगितला, गाडी परदेशी चालली आहे आणि गिऱ्हाइकाला मूळचे सगळे भाग हवे आहेत म्हणालो. कुणी एक शब्द विरोधाचा काढला नाही. ओनुकी तडक घरी गेले आणि गुरुवारची वाट न बघता सायलेन्सर कापडात बांधून घेऊन आले. वर वड्यांचा पुडा होताच. "वहिनींचाच आहे तो. आम्हीच परत करायला उशीर केला," असं म्हणाले. बाकीचे डोंगराची पानं फार सुंदर झाली आहेत म्हणून बघायला लागले. (पानं रोजच्यासारखीच होती.)

मी विचारलं, दाजी किती शर्यती जिंकले? त्यावर इतका हशा की एकाला गोळी घ्यावी लागली. ताई, तुझा नवरा या घाटात एकही शर्यत जिंकलेला नाही. त्याला गॅस सिलिंडरचा ट्रक ओलांडून गेलेला आहे. तो सर्वांच्या आधी यायचा आणि तिसऱ्या वळणावर खराटा घेऊन पानं आणि खडी झाडायचा. तिथे कठड्यापाशी एक फुलाची बाटली असते. फार वर्षांपूर्वी त्यांच्यातला एक पोरगा ओल्या पानांवर घसरून गेला, त्याची. तेव्हा टीव्हीने सगळंच खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. माणसं मरतात, आणि अजूनही काही मूर्ख पोरं रिकाम्या हमरस्त्यावर जीव उधळतात. तुझा राग त्यांच्या पत्त्यावर गेला तर मी तिकीट लावून देईन. पण दाजींचे रविवार गाडीने नाही खाल्ले, खराट्याने खाल्ले. आपल्याकडचे खराटे इतक्या लवकर झिजतात म्हणून तू दुकानदाराशी भांडायचीस, त्याबद्दल जाऊन त्या बिचाऱ्याची माफी मागून ये.

आणखी एक गोष्ट निशिवाकीबाईंनी दाखवली. तिने गाडीचं डावं दार उघडलं. या लोकांच्या गाड्यांत वजन नको म्हणून काही ठेवत नाहीत. मागची सीट काढतात, चटई काढतात, एकाने तर आरसासुद्धा हलका आणला. दाजींच्या गाडीतली शेजारची सीट मात्र मूळची. मऊ, जाड, वजनदार, वर तू विणतेस तसलं कुठल्याशा दुकानातलं विणलेलं कव्हर. सगळी टोळी जन्मभर त्यांना चिडवायची, की ती सीट काढा, निदान ट्रकच्या पुढे तरी राहाल. निशिवाकीबाई म्हणाली, "ते एकच सांगायचे. लग्नानंतर एकदा तिला विचारलं होतं, तर म्हणाली, दरोडेखोरांच्या गाडीत मी बसत नाही. दुसऱ्यांदा विचारायची हिंमत नाही झाली. पण तिचं मन बदललं आणि बसायला जागा नसली तर?" मी सीटला हात लावून पाहिला. उशी एकदाही दबलेली नाही.

माझं काम संपलं होतं. सायलेन्सर घेऊन सरळ घरी यायचं होतं. आलोही, फक्त येताना मध्ये दोनदा थांबलो, गाडी बंद पडली म्हणून नाही. तू हे वाचून रागावणार, की धाकट्याला काम सांगितलं तर तो वकिली करून आला. मी कसली वकिली करणार? मला त्या लोकांच्यात काडीचा रस नाही. लाँड्रीत कामं पडली आहेत, हिवाळ्याचे कोट यायला लागले आहेत. प्रकृतीला जप, पाय गरम ठेव, चिहारूला आशीर्वाद, जावयाला लोणचं.

तुझा आज्ञाधारक (बदकाचा प्रसंग सोडून)
कानामे

ता. क. गाडी परवा पास झाली. पांढऱ्या हातमोज्यांचे गृहस्थ मला ओळखून हसले. त्याच संध्याकाळी सायलेन्सर काढून, तेल पुसून, वर वड्यांचा पुडा ठेवून ओनुकींना परत केला, कारण त्यांचं गुरुवारी आहे. मेलबर्नच्या गृहस्थांना कळवलं आहे की सायलेन्सर सध्या गावाला गेला असून कधी येईल ते सांगता येत नाही, आणि त्यावाचून गाडी देणं आमच्याकडे शिष्टाचाराला धरून नाही.

आणखी एक ता. क. बर्फ पडलं की घाटाचं फाटक बंद होतं ते वसंतापर्यंत. तेव्हा येत्या रविवारच्या आत ये. गाडी विकायला तुझा सहीचा शिक्का लागतोच, तो घेऊन ये. पण आधी एकदा त्या सीटवर बस आणि वरपर्यंत चल. त्या सीटवर मी त्या रविवारी निघताना धुतलेल्या शर्टांचं गाठोडं ठेवलं होतं, तर निशिवाकीबाईने ते दोन बोटांनी उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवलं. मी अजिबात वेगात नेणार नाही. वेगात नेता येत नाही. तिसऱ्या वळणाला मात्र थोडं थांबावं लागेल, या महिन्यात झाडायची पाळी माझी आहे.

शेवटचा ता. क. इतकं होऊनही गाडी विकायचीच असेल, तर तसं उलट टपाली कळव. तुझं पत्र मिळालं नाही, असं मी ताबडतोब कळवीन.