ट्रंकेतली डिस्चार्ज बुकं

गुरुजी, त्या सोमवारी सकाळी मी आंघोळ केली, मूर्तीपुढं मेणबत्ती लावली, पंचशील म्हटलं आणि दोन तासांनी दौंडच्या कचेरीबाहेर एका माणसाशी खोटं बोललो. तो खुटबावचा, फौजेतून सुटून आलेला शिपाई. लढाईत त्याचा डावा कान गेला. त्याच्या जखमी पेन्शनचा अर्ज मी लिहिला होता. अर्ज लिहिणं हाच माझा धंदा, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही गेल्यावर त्यात मी एक रीत पाडली, ती ठाऊक नसेल. अर्ज लिहून दिला की त्या माणसाचं डिस्चार्ज बुक मी ठेवून घेतो. त्याची सगळी नोकरी त्यात लिहिलेली असते. पेन्शन सुरू झालं, माझा वाटा मिळाला, की बुक परत.

तो नेहमीसारखा उजवा कान माझ्याकडं करून बसतो.

“आप्पा, माझं बुक द्या. कारखान्यावर वॉचमनची भरती हाय बुधवारी. बुक दावल्याबिगर उभं करत न्हाईत.”

“पुण्याच्या हापिसात गेलंय ते.”

“कवा यायचं?”

“सरकारी काम हाय बाबा. तुझ्या पलटणीवानी ‘आगे बढ’ म्हटलं की चालत न्हाई.”

तो हसला. “व्हय. तिथं गोळी लागली की कळायचं तरी. हितं कायच कळत न्हाई.”

बुक वरवंडला माझ्या घरी होतं. ट्रंकेत, धोतरांखाली.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी नुकताच कचेरीपुढं बसायला लागलो होतो आणि निमोण्याला तुमच्याकडं आलो होतो. बाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या, आपण दोघं जेवायला बसलेलो. मी फुशारकीनं सांगितलं की एकाकडं मजुरी नव्हती, म्हणून त्याचा जमिनीचा कागद मी ठेवून घेतला. तुमच्या हातातला घास तसाच राहिला. “अक्षर तुझं आहे, त्याची मजुरी घे. कागद त्याचा आहे. तो एक रात्रसुद्धा तुझ्या घरात नको.” मग म्हणालात, “ऊठ, आत्ता जा.” बाई म्हणाल्या, “अहो, जेवू तरी द्या त्याला.” मी अर्ध्या ताटावरून उठलो आणि कागद देऊन आलो. तुम्ही गेल्यावर मला ताटावरून उठवणारं कुणी उरलं नाही.

पुढच्या सोमवारी तो पुन्हा आला.

“भरती झाली?”

“झाली की. माझ्या म्होरला लागला, माझ्या मागचा लागला. मला म्हणलं, बुक आण, मग बघू. आता कशाचं बघत्यात!”

माझ्यावर राग नव्हता त्याचा. फडक्यातली अर्धी भाकरी त्यानं माझ्या हातावर ठेवली. मग कचेरीच्या भिंतीवरच्या इंग्रजी कागदाकडं बोट केलं. “आप्पा, महिना झाला बघतोय, ह्यो कशाचा हो?”

तो कागद लागला त्याच दिवशी मी कारकुनाकडून समजून घेतला होता. फौजी माणसाच्या पेन्शनचा अर्ज सैनिकांच्या ऑफिसात फुकट भरून मिळेल, आणि त्याचं बुक मजुरीपोटी कुणी अडकवून ठेवू नये, असं त्यात होतं.

“मीटिंगचा हाय,” मी म्हणालो, आणि त्याची भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या शीलाशी मी अडलो. न दिलेलं घेणार नाही. इतकी वर्षं हे म्हणताना मी मनाशी म्हणायचो, त्यांनीच आपल्या हातानं दिलंय की. हातानं दिलं होतं खरं. पण दिलं नसतं तर त्यांचा अर्ज मी लिहिला असता का? पुढचे शब्द तोंडातून येईनात. मी तसाच उठलो, ट्रंक उघडली, सात बुकं फडक्यात बांधली आणि बाहेर पडलो. वाटेतल्या सहा घरी दिली. खुटबावला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. तो अंगणात बाज विणत होता.

“पुण्यास्नं आलं?”

“पुण्याला गेलंच नव्हतं. माझ्या घरी होतं. आन् त्यो भिंतीवरचा कागद मीटिंगचा न्हाई.” कशाचा ते सगळं सांगितलं.

त्याची बायको दारात आली. “म्हंजी त्या बुधवारी बी बुक तुमच्याच घरात व्हतं?”

“व्हय.”

त्यानं बुक सदऱ्याला पुसलं. “आप्पा, दुश्मन समोर असायचा, त्याचं काय वाटत न्हाई. तुमी माझ्या चांगल्या कानाला बसून बोलत व्हता.”

बसा कुणी म्हटलं नाही. मी परत फिरलो.

वाट्यासाठी ठेवली होती, असं मी सातही घरी सांगितलं. ते अर्धंच खरं, गुरुजी. बायको वारून पाच वर्षं झाली, मुलगा पिंपरीकडं कारखान्यात, त्याचं पत्रही सणासुदीलाच. बुक माझ्याकडं असलं की माणूस पुन्हा यायचा. काय झालं म्हणून विचारायचा, घडीभर बसायचा, पलटणीतल्या गोष्टी सांगायचा. हे त्यांच्या दारात उभं राहून सांगायची लाज वाटली. तुम्हाला सांगतो, कारण हे पत्र टाकायला पेटी नाही. सातही बुकं ज्याची त्याला पोचवून आज बारा दिवस झाले. मी रोज कचेरीपुढं बसतो. त्या सातांतलं अजून कुणी आलेलं नाही.