पाटीवर नसलेलं नाव

अंधेरी, सोमवार

प्रिय सिद्धेश,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेले, त्यावरून लगेच खूश होऊ नकोस. फोन केला असता तर पहिल्याच मिनिटाला भांडण झालं असतं आणि तू मीटिंगचं कारण सांगून तो ठेवून दिला असतास. म्हणून लिहितेय. भांडणार तर आहेच, पण निदान तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

शुक्रवारी इथे, या ऑफिसच्या लॉबीत, तुझ्या काचेच्या शिल्पाचं उद्घाटन झालं. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दुपारपासूनच तयार होऊन बसले होते. इथे आल्यावर त्यांनी मान वर करून छताला टांगलेल्या एकशे चाळीस नळ्या बघितल्या, नळीला नळी जिथे जुळते तो स्वतः केलेला एकेक जोड ओळखला, आणि मग चष्मा पुसून पितळी पाटी वाचायला गेले. पाटीवर ठसठशीत तुझं नाव, आणि खाली बारीक अक्षरात ‘स्थानिक कारागिरांच्या साहाय्याने’. कोण रे हे स्थानिक कारागीर? चंद्रप्रकाश तावडे असं चांगलं नाव आहे त्यांना, आणि तुला ते पाठ आहे, कारण मुलुंडच्या आमच्या गाळ्याच्या दारावर ते तूच रंगवून दिलं होतंस. बाबा मला म्हणाले, पाटी लहान आहे, जागा पुरली नसेल. असा संताप आला होता मला! समोर आलेलं सरबतही मी तसंच परत पाठवलं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला तू गाळ्यात पहिल्यांदा आलास तेव्हा तुला काचेतलं ओ की ठो कळत नव्हतं. बाबा प्रयोगशाळांसाठी फ्लास्क आणि कंडेन्सर बनवायचे. त्यांनी तुला माझ्या शेजारच्या बर्नरवर बसवलं. नळी ज्योतीवर दोन्ही हातांनी सारखीच कशी फिरवायची, काच मऊ झाली की फुंकर किती हलकी मारायची, हे आपण दोघं एकत्रच शिकलो. माझ्या हातून नळी फुटली की बाबा गाळा डोक्यावर घ्यायचे. तू पहिल्या महिन्यात टोपलीभर फोडल्यास तरी अवाक्षर काढलं नाही. आईने तर डब्यात तुझ्या पोळ्या धरायला सुरुवात केली होती. पुढे आपलं काय होतं आणि त्याचं काय झालं, तो विषय मी काढत नाही. पण गेल्या महिन्यात तू मुलाखतीत सांगितलंस की मरणपंथाला लागलेली एक कला तू वाचवलीस. कमाल आहे तुझी! तू हे बोलत होतास त्या आठवड्यात तो मरणपंथाला लागलेला माणूस बर्नरसमोर बसून तुझ्याच नळ्या जोडत होता. त्याच्या हातची नळी लॅबमध्ये गेली की ते भांडं, आणि तीच तू तारेने टांगलीस की कला, हा कुठला न्याय? मीही काचेतच काम करते. माझी दोनच प्रदर्शनं झाली, लहानशीच, पण दोन्ही वेळा बाबांचं नाव माझ्या नावाच्या आधी होतं.

शनिवारभर मी हेच घोकत होते. तुझी चांगली चारचौघांत शोभा करायची असं ठरवूनही टाकलं होतं. आणि काल सकाळी गाळ्यात चहा घेत असताना फळीवरचा एक जोड कुणी हात न लावता तडकला. तुझ्याच कामातला, जास्तीचा म्हणून उरलेला. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी जे शेवटचे बावीस जोड भट्टीत ठेवले होते, त्यांतलाच तो. गरम काच भट्टीत सावकाश निवली नाही तर ताण आत राहतो आणि ती महिन्याभरानेही फुटते, हे तुला मी काय सांगायचं? बाबांनी मला बजावलं होतं, दुपारपर्यंत भट्टीला हात लावू नकोस, हार उशिरा घातला तरी चालेल. पण खंडेनवमीला आमच्याकडे काहीच पेटतं ठेवत नाहीत, बर्नरपासून चिमट्यापर्यंत सगळं पूजेला असतं. तापलेल्या भट्टीला हार कसा घालायचा, म्हणून मी सकाळीच ती बंद केली आणि दार उघडून ठेवलं. बाबांना सांगितलं की ती आपोआपच निवली होती.

उरलेले एकवीस जोड आज लोकांच्या डोक्यावर लटकताहेत. इथल्या वॉचमनच्या मागे लागून मी खाली कुणी जाऊ नये म्हणून दोऱ्या बांधून घेतल्यात आणि तिथेच खुर्ची टाकून हे लिहितेय. चार वाजता तू येणार आहेस असं तोच म्हणाला, तेव्हा तुझ्या हातात देईन आणि वाचून होईपर्यंत समोरून हलणार नाही. शिल्प आजच्या आज उतरव. काल तो जोड तडकला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, बरं झालं पाटीवर बाबांचं नाव नाही. तुझ्यावर एवढी चिडलेली मी, आणि क्षणभर मलाही ते नाव तिथे नकोच होतं. मला फार लाज वाटतेय, सिद्धेश. बाबांना कालच सगळं सांगितलं. मला विचारायचंस गं, एवढंच म्हणाले आणि नव्या नळ्या कापायला बसले. त्यांचे नवे जोड लागले की पाटी बदल, त्यांचं नाव पूर्ण लिही. आणि आधीचं का उतरवलं असं कुणी विचारलं, तर तिथे माझं नाव सांग.

भांडूनही तुझीच,
दीप्ती