पुलावरून पाणी चाललंय, असं तुम्ही म्हणालात

सर, गेल्या महिन्यात मी समुद्र बघितला. कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणींनी गाडी ठरवली आणि आम्ही कोकणात गेलो. एका सकाळी बंदरावर उभ्या होतो तर भोंग्यावरून कुणीतरी सांगत होतं, वारं वाढणार आहे, होड्या काढू नका. एक म्हातारा कोळी तरीही जाळं घेऊन निघाला होता. त्याच्या मागं एक माणूस धावत गेला आणि दंड धरून त्याला परत घेऊन आला. दोघांचं जुनं वैर असावं, कारण येताना ते एकमेकांना शिव्याच देत होते. पण सांगायचं ते त्यानं सांगितलं. मी तिथंच वाळूत बसले. मैत्रिणींना वाटलं ऊन लागलं.

दर सोमवारी तुम्ही फळ्याचे तीन भाग करायचात. किनारा, डोंगर, वाळवंट. रेडिओवर ऐकलेलं, पेपरात वाचलेलं येत्या आठवड्याचं हवामान त्यात लिहायचात आणि ते मोठ्यानं वाचायला मला उभं करायचात. पिशोरच्या पलीकडलं आमचं गाव, तिथं बर्फ कुणी पाहिलंय? आणि गावाबाहेरच्या वस्तीतली मी पोरगी खणखणीत आवाजात सांगतेय, किनाऱ्यावर समुद्र खवळलेला राहील, डोंगरात थंडी वाढेल, वाळवंटात धुळीची वादळं येतील. मागच्या बाकावरून कुणी हसलं की तुम्ही डस्टर आपटायचात. एकदा मी विचारलं, "सर, तिकडचं हवामान कळून आपल्याला काय उपेग?" तुम्ही असे तापलात की मी रडायच्या बेताला आले. "ज्याला आधी कळतं त्यानं सांगायचं असतं," तुम्ही म्हणालात. "ऐकणारा कोण, हे बघायचं नसतं." पिढ्यान्‌पिढ्या बागायती करणाऱ्या घरचे तुम्ही, माझ्याकडं बघून हे बोलत होता. मी तुमच्यावर जीव टाकला तो त्या दिवसापासून.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात गावाची नजर फिरली. गिरणीत आमचं दळण मागं राहायला लागलं. शेतावर बाया बोलायच्या बंद झाल्या. बाप म्हणायचा, "निवळंल. चार दिसांनी निवळंल." आणि एका संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात येऊन उभे राहिलात. तुमच्या घरातलं माणूस वस्तीत आलेलं आम्ही कधी बघितलं नव्हतं. बापानं घोंगडं झटकून अंथरलं, मग भीत भीत विचारलं, "सर, आमच्या घरचा चहा चालंल का?"

"चालंल की. न चालायला काय झालं?"

आईनं गुळाचा कोरा चहा केला. तुम्ही तो शेवटच्या घोटापर्यंत प्यालात. म्हणालात, "पोरीला उद्या पैठणला नेतो. धरण दाखवतो. लई हुशार आहे, जरा जग बघू द्या तिला." बाप म्हणाला, "न्या की सर. तुमचीच पोरगी हाय." तुम्ही गेल्यावर तो घरोघर सांगत फिरला, सरांनी आपल्याकडं चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी आपण एसटीनं निघालो. बिडकीन मागं पडलं, दोन्ही बाजूंना बाजरी डोलत होती. धरणाच्या भिंतीजवळ उभं राहून तुम्ही म्हणालात, "समुद्र असाच असतो. फक्त पलीकडचा काठ दिसत नाही." तुम्ही मला भेळ घेऊन दिलीत. संध्याकाळी मात्र आपण गावी न जाता शहरात तुमच्या बहिणीकडं, ताईंकडं गेलो. "पुलावरून पाणी चाललंय. गाड्या बंद आहेत. आठवडाभर पाऊस सांगितलाय," तुम्ही म्हणालात. ताईंच्या अंगणात कपडे कडकडीत वाळले होते. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. ढग ओळखायला तुम्हीच शिकवलं होतं, तरी मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही हवामान कधी खोटं सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी आमची वस्ती जाळली. आई धाकट्या भावाला काखेत मारून बाजरीत लपली. बाप शेळ्यांची दावी सोडायला परत आत शिरला आणि वरून आढं कोसळलं. त्याला शहरातल्याच सरकारी दवाखान्यात आणलं होतं. मी तिथून हाकेच्या अंतरावर ताईंच्या घरी पोहे खात होते, आणि पुलावरून पाणी चाललं होतं. तो गेल्यावर मला आईकडं पोचवलं गेलं. पुढं चौकशी झाली तेव्हा तुम्ही सांगितलंत, मी गावात नव्हतो, वर्गातल्या मुलीला धरण दाखवायला नेलं होतं. जाळणाऱ्यांत तुमच्या थोरल्या भावाचं नाव आलं होतं, त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणालात, मला काही माहीत नाही.

आम्ही गाव सोडलं. शहराभोवती कारखाने उभे राहत होते, मला एका ठिकाणी पॅकिंगला काम मिळालं. काही वर्षांनी पाळी सुटायच्या वेळी गेटसमोर तुम्ही दिसलात. केस पिकले होते, हातात पेढ्यांचा पुडा होता. माझं लग्न ठरल्याचं तुम्हाला कुठून कळलं कोण जाणे. मी पुडा घेतला नाही.

"सर, आमच्याकडं चहा प्यालात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

तुम्ही पुडा या हातातून त्या हातात घेतलात. "व्हय. दुपारी आमच्याच ओसरीवर ठरलं होतं."

"मग माझ्या बापाला का नाय सांगितलं?"

"भाऊ तुरुंगात गेला असता गं. तुला तर काढलं ना मी बाहेर."

"मला काढलं, का स्वतःला?"

बायका गेटातून बाहेर पडत होत्या, कुणाचा तरी धक्का लागून पुडा खाली पडला, तुम्ही तो उचलायला वाकलात आणि मी चालायला लागले. त्यानंतर तुम्ही दिसला नाहीत. तुम्ही वारल्याचं कळलं तेव्हा मी कामावर होते, सुट्टी घेतली नाही. लोक मला सांगतात, त्यांच्यामुळं तू जगलीस. असेल. पण ज्या घरात तुम्ही कप रिकामा केलात त्या घराला एक वाक्य तुम्ही देऊ शकला नाहीत. बाप तेवढ्यावर सगळ्यांना घेऊन निघाला असता. तुमचं नाव त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नसतं.

हा कागद पाठवायचा कुठं? गावी तुमच्या भावाची नातवंडं राहतात, त्यांना काय कळणार. कपाटात साड्यांखाली ठेवून देईन. एक गोष्ट मात्र आईला ती असेपर्यंत सांगता आली नाही, नवऱ्यालाही नाही. पैठणचा तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस होता, सर. अजूनही तोच आहे.