धाऊच्या हंड्याविषयी खरं काय ते

मी, येसूबाई आबाजी घारे, वय अदमासे बासष्ट, राहणार लोधिवली, तालुका खालापूर, जिल्हा कुलाबा, हा कागद स्वतःच्या हाताने लिहिते. अक्षरं मी किराण्याच्या पुड्यांवरून शिकले, तेव्हा चुका असतील. डोकं ठिकाणावर आहे. कुणाचा दाब नाही.

१. माझ्या पश्चात राहतं घर सून जिजा हिचं. माझा दामू वारल्यावर ती माहेरी गेली नाही. तिच्यामागे ते नात मंगळीचं.

२. वडाजवळची दोन एकर जमीन. एक एकर जिजाला, एक धाकटा दीर लडकू याला. त्याला मी कडेवर वाढवलंय. पण त्याच्या एकराला अट आहे, ती खाली लिहिते.

३. घाटात तांडे लुटणारा धाऊ दरोडेखोर पकडला जाण्याआधी सोन्याचा हंडा आमच्या रानात पुरून गेला, असं गाव सांगतं. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यात अंजन घातलं की पुरलेलं धन दिसतं, असंही सांगतात. मी पायाळू. म्हणूनच सासऱ्यांनी अकराव्या वर्षी मला सून करून आणलं. दर अमावास्येला उपाशी बसवून अंजन घालत नि विचारत, "काय दिसतं?" मला दिव्याचा धूर दिसे. दोन वर्षांनी भूक सोसेना, तेव्हा म्हटलं, "दिसला हंडा. वडाच्या उगवतीला." त्या दिवशी पोटभर भात मिळाला.

त्या शब्दावर आमच्या ह्यांनी चाळीस उन्हाळे खणलं. एकदा मी सांगूनही टाकलं, "अवो, मला काय बी दिसलं नवतं." हसून म्हणाले, "तुला दिसतंय गं. धाऊचं भूत बोलू देत नाय." १९६५ साली खड्ड्याची कड ढासळली, त्यात ते गेले. ते दुःख रोज माझ्याबरोबर उठतं आणि कामाला लागतं.

४. मंगळीही पायाळू आहे, सहा वर्षांची. गेल्या महिन्यात लडकू अंजन घेऊन आला. "वैनी, पोरीला एकदाच बसवू. ती नेमकी जागा सांगंल." जिजाने पोरीला पदराआड घेतलं.

म्हणून लिहिते. मला कधीही काही दिसलं नाही. मी भुकेपोटी खोटं बोलले. मंगळीला लडकूने अंजनाला बसवलं किंवा बसवू दिलं, तर त्याचा एकर जिजाला जाईल.

५. पहार आणि दोन्ही कुदळी विहिरी खणणाऱ्या हिरूला. त्याला खाली निदान पाणी तरी लागतं.

सही करण्याआधी हे सगळं मी लडकूला वाचून दाखवलं. 

"वैनी, जरा तरी चकाकलं असंल?"

"नाय रं. निस्ता धूर."

"मग दादा उगाच गेला?"

"व्हय रं बाबा. माझ्यापायी गेला."

तो रडला, मीही रडले. मग म्हणाला, "पोरीला बोलवा. आजा काय करत नाय म्हणावं." एकोणपन्नास वर्षांनी माझी छाती मोकळी झाली.

लोधिवली, १२ मे १९७४
सही : येसूबाई आबाजी घारे
साक्षीदार : कोंडीराम सखाराम पिंगळे, चंद्राबाई धोंडू मते

कागद ऐकला. मंगळीला कधी बसवणार नाही, कुणाला बसवू देणार नाही.
लडकू घारे, डाव्या हाताचा अंगठा